रेवतीची वहिवाट

नवरात्रात एका दुपारी केयूर मोजपट्टी घेऊन आला आणि रस्त्याकडच्या दारापासून आतल्या भिंतीपर्यंतचा बोळ मापू लागला. रेवती मागच्या घरात, आपल्या खोलीत संगणकासमोर बसली होती. पट्टी सुटून सर्रकन डबीत परत शिरली, तो आवाज ऐकून ती बाहेर आली.

"काय रे, काय मोजतोस?"

"दुकान मोजतोय, ताई. दिवाळी झाली की शटर बसणार. प्लास्टिकचं होलसेल. बादल्या, टब, खुर्च्या. पार्टी पक्की आहे."

"आणि बोळ?"

"बोळ भी उन्हीं का. त्यांना पूर्ण रुंदी पाहिजे." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "दिवसा दुकानातून या-जा ना तुम्ही. कोण अडवतंय?"

"रात्री?"

केयूरनं पट्टी खिशात टाकली. "रात्री कुठे जाता तुम्ही दोघी?"

केयूर रेवतीचा चुलतभाऊ. झाशीत मानिक चौकाच्या मागच्या गल्लीतलं पुराणिकांचं घर आजोबांनी दोन मुलांत वाटलं, तेव्हा पुढचा भाग केयूरच्या वडिलांना, रमाकांतकाकांना मिळाला आणि मागचा रेवतीच्या वडिलांना. मागचा भाग तसा पुरता होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, वर आभाळाचा एक चौकोनी तुकडा. फक्त त्याला रस्त्यावर उघडणारं दार नव्हतं. द्यायचं राहून गेलं, कारण तेव्हा कुणालाच ते वेगळं लागत नव्हतं. काकांच्या बोळातून सगळे ये-जा करत. रेवतीची आई अनुसूयाबाई बाहेर निघाली की बोळातून "येते हं" म्हणायची आणि पुढच्या खोलीतून कुणीतरी "या" म्हणायचं. काका ग्वाल्हेर रोडवरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, पुढच्या खोल्या बंद झाल्या, तरी अनुसूयाबाई रिकाम्या खोल्यांना "येते हं" सांगून जात.

या जाण्यायेण्याला मराठीत वहिवाट म्हणतात. ती कुठे लिहिलेली नसते. लिहावी लागत नाही म्हणूनच ती वहिवाट.

रेवती आता सदतीस वर्षांची आहे. भूगोलात एम.ए. झाली त्याच वर्षी वडील अंथरुणाला खिळले, ते गेले तोवर आईचे गुडघे गेले. स्थळं आली, काही दिवस घरात त्यांची बोलणी झाली, मग ती बोलणी थांबली. कुणी नाही म्हटलं नाही, कुणी हो म्हटलं नाही. आमच्या गल्लीत तिला लोक ओळखतात ते तिच्या कामामुळे, आणि ते काम नीट कुणालाच माहीत नाही.

ती अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना जागा शोधून देते.

नोएडातली एक कंपनी अमेरिकेतल्या एका लहान कंपनीसाठी हे काम करते. तिकडे पश्चिमेच्या राज्यांत सरकारी जमिनी अफाट आहेत आणि परवाना काढला की कुणीही तिथे हरणाची शिकार करू शकतो. पैसेवाले लोक वाटाड्या घेतात, खाजगी कुरणांत तंबू ठोकतात. ज्यांना ते परवडत नाही ते आपली गाडी, आपला तंबू, आपली सुट्टी घेऊन स्वतःच निघतात. त्यांना हवं असतं ते पांढऱ्या शेपटीचं हरीण, आणि ते हरीण मोठं अवघड. दुसऱ्या जातीची हरणं उघड्या टेकड्यांवर दिसतात. हे नदीकाठच्या झुडपांत दडतं, संध्याकाळी हिरव्या चाऱ्याच्या शेतात चरायला येतं. अशी पाण्याकाठची चांगली जमीन कुणीतरी फार पूर्वीच विकत घेऊन ठेवलेली असते. मधेमधे एखादा सरकारी तुकडा चुकून उरलेला असतो. कुणाच्या नजरेत न आलेला. तो शोधायचा, तिथवर जायची वाट शोधायची, आणि ती नकाशावर आखून द्यायची, हे रेवतीचं काम.

आईला तिनं "नकाशाचं काम" एवढंच सांगितलं होतं. पुराणिकांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. केयूरनं मात्र ही गोष्ट गल्लीभर केली. भाजीवाला ढकलगाडी थांबवून विचारायचा, "काय रेवती जी, आज कितने हिरन मारे?"

"एक भी नहीं, भैया. मैं तो सिर्फ़ पता बताती हूँ."

"मतलब पाप आधा?"

"आधा भी नहीं. भिंडी कैसे दी?"

या कामात तिला सर्वांत आधी विचित्र वाटली ती अडकलेली जमीन. सरकारी तुकडा, म्हणजे सगळ्यांचा. पण चारी बाजूंनी खाजगी कुरणं. त्यात पाऊल टाकायला कुठूनही रस्ता नाही. जमीन आपली, आणि जाता येत नाही. असे तुकडे शेकड्यांनी आहेत हे कळलं, तेव्हा तिला वाटलं की आपण काहीतरी चुकीचं वाचतोय. मग तिला त्यांची सवय झाली. नकाशावर ते फिकट रंगात दिसतात, आणि ती त्यांच्या कडांवरून बोट फिरवल्यासारखा माऊस फिरवत राहते. कुठे एखादा कोपरा रस्त्याला टेकतो का, ते बघत.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात धनुष्यबाणाच्या शिकारीसाठी मोंटानात जाणारा डेल नावाचा माणूस तिच्याकडे आला, म्हणजे त्याची विनंती आली. ओहायोत ट्रक दुरुस्त करणारा. त्यानं लिहिलं होतं, वर्षभर मी दुसऱ्यांच्या ट्रकखाली पडून असतो. एक आठवडा मला माझ्या डोक्यावर काहीच नको आहे.

रेवतीनं त्याच्यासाठी फार चांगला तुकडा शोधला. नदीचं वळण, उंच झाडांची गर्द पट्टी, पलीकडे हिरवं शेत. डांबरी रस्त्यापासून त्या तुकड्याकडे कुरणातून जाणाऱ्या चाकोऱ्या उपग्रहाच्या चित्रात स्वच्छ दिसत होत्या. गवत दबून दोन रेघा पडलेल्या. वर्षानुवर्षं गाड्या जात असणार. तिनं ती वाट हिरव्या रेघेनं आखली आणि पाठवून दिली.

तिसऱ्या दिवशी पियुषचा फोन आला. पियुष म्हणजे नोएडातला तिचा वरिष्ठ, वयानं तिच्याहून लहान.

"रेवती जी, ये रास्ता आपने कहाँ से निकाला?"

"सर, टायर के निशान साफ़ दिख रहे हैं. चालू रास्ता है."

"टायर रैंचर के हैं. उसकी ज़मीन है, वो दिन में दस बार जाए. हमारा आदमी क्यों जाएगा? उसको गेट पर रोका, पुलिस बुलाई, चालान हुआ. धनुष ज़ब्त होते-होते बचा."

"लेकिन रास्ता चालू है तो…"

"चालू है तो क्या? आपके यहाँ जो रास्ता चालू हो वो सबका हो जाता है?"

हो, असं तिच्या ओठांवर आलं.

"देखिए, आप सीनियर हैं, मैं क्या बोलूँ," पियुष जरा नरमला. "उसके पास चार दिन बचे हैं. कुछ और निकालिए. और प्लीज़, किसी के घर के अंदर से मत निकालिए."

त्या संध्याकाळी रमाकांतकाका आले. केयूरनंच पाठवलं असावं. अनुसूयाबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"भाऊजी, काकडआरतीला मी पहाटे निघते. शटरला बाहेरून कुलूप असेल तर मी जाणार कशी?"

"केयूरनं त्यांच्याकडे एक चावी मागितली, वहिनी. ते नाही म्हणाले. माल असतो आत."

"आम्ही त्यांच्या बादल्या चोरणार?"

"तसं नाही हो." काकांनी बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत. "कार्तिक संपेपर्यंतच तर आरती असते."

"आणि मी मधेच मेले तर? मला सकाळी दुकान उघडेपर्यंत ठेवाल?"

"वहिनी, काहीतरीच काय."

"तुमच्या भावाला याच बोळातून नेलंय. तुम्ही खांदा दिलात."

काका बशीकडे बघत म्हणाले, "मी कधी नाही म्हटलंय का इतक्या वर्षांत? पण केयूर म्हणतो, हो म्हटल्याचं तरी कुठे लिहिलंय? त्याचंही बरोबर आहे. फ्लॅटचे हप्ते आहेत त्याला."

रेवती म्हणाली, "काका, कोर्टात गेलं तर आम्हाला वाट मिळेल. मी वकिलांना विचारलंय."

काका काही बोलायच्या आत अनुसूयाबाई म्हणाल्या, "घरातल्या माणसावर केस? माझ्या जिवंतपणी नाही." आणि मग काकांना, अगदी नेहमीच्या आवाजात, "चहा निवतोय, घ्या."

दुसऱ्या दिवशी केयूर मिस्त्रीला जागा दाखवायला आला. जाताना मागच्या घरात डोकावला. तो वाईट नाही. लहानपणी रेवतीच्या मांडीवर जेवलेला आहे. वाईट वाटलं की तो चेष्टा करतो.

"अरे ताई, इतनी टेन्शन? तू तर अमेरिकेत रस्ते शोधतेस. इथे एक शोध ना."

"शोधते," ती म्हणाली.

"शिकारीण बाई!" म्हणत तो गेला.

ती खरंच शोधायला बसली. आधी डेलसाठी. त्याच्या तुकड्याभोवती ती नव्यानं फिरली. कुरण, कुंपण, कुरण. कोपरा कुठेच रस्त्याला टेकत नव्हता. मग तिचं लक्ष नदीकडे गेलं. नदी तिनं आजवर हरणासाठी पाहिली होती, वाटेसाठी नाही. तिनं त्या राज्याचे नियम काढून वाचले. तिकडे नदीचं पात्र सगळ्यांना मोकळं. काठची जमीन कुणाचीही असो, पाणी नेहमी जिथवर चढतं त्या रेषेच्या आतून चालायला कुणी हरकत घेऊ शकत नाही. पात्रात उभं राहून हरणावर नेम धरायचा नाही, फक्त चालायचं. सार्वजनिक पूल जिथे आहे तिथून पाण्यात उतरायचं आणि तुकडा येईपर्यंत पाण्यातून जायचं. गोटे शेवाळलेले, पाणी गार, ओझं पाठीवर. पण कुणाचं दार ओलांडावं लागत नाही.

तिनं पुलापासून निळी रेघ आखली. खाली लिहिलं, पाय भिजतील, काठावर चढू नका.

मग, कधी न केलेली गोष्ट तिनं केली. त्याच पडद्यावर झाशी उघडली. किल्ल्याचा दगडी आकार, बाजाराची गर्दी, छतांना छतं चिकटलेली. मानिक चौकावरून सरकत ती आपल्या गल्लीत आली. आपलं घर वरून ओळखायला तिला वेळ लागला. पाण्याच्या टाकीवरून ओळखलं. चारी बाजूंना दुसऱ्यांची छतं, मधे आपल्या आभाळाचा चौकोन. तिला हसू आलं आणि ते लगेच गेलं. मागच्या भिंतीला लागून एक काळी बारीक रेघ होती. सावली असेल म्हणून तिनं चित्र मोठं केलं. रेघ सगळ्या घरांच्या पाठीमागून वळत वळत पलीकडच्या रस्त्याला मिळत होती.

स्वयंपाकघरात जाऊन तिनं विचारलं, "आई, आपल्या मागच्या भिंतीपलीकडे काय आहे?"

अनुसूयाबाई डाळ निवडत होत्या. हात थांबला.

"काही नाही. नाली आहे."

"गल्ली आहे. रस्त्यापर्यंत जाते."

"ती गल्ली नाही, रेवा. ती मागची गल्ली." त्यांनी ताटली गोल फिरवली. "फुलिया यायची तिथून. संडास साफ करायला. भिंतीत लोखंडी दार होतं. फ्लश बसल्यावर तुझ्या आजोबांनी चिणून टाकलं."

"म्हणजे दार होतं."

"आपल्यासाठी नव्हतं."

महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या माणसानं नकाशा न बघताच सांगितलं, "गली निगम की है, दीवार आपकी. खोल लीजिए. उधर से जाएगा कौन?"

"हम."

त्यानं तिच्याकडे वर बघितलं, आणि पुन्हा फायलीत डोकं घातलं.

धनत्रयोदशीच्या आधी दोन दिवस मिस्त्री आला. भिंतीवर हात फिरवून बुंदेलीत म्हणाला, "काय बिन्नू, इतै सें फोड़ने? हवा खराब आहै उतै की."

"हओ, इतै सें." इथूनच. तिकडून वास येणार, हे तिला ठाऊक होतं.

पहिला घण बसला तशी अनुसूयाबाई उठल्या, देवाच्या फळीखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. विटा पडत होत्या, घरभर लाल धूळ उडत होती. त्यांनी देवांवर फडकं टाकलं. वास आत आला तेव्हा पदर नाकाला लावला. संध्याकाळी तिथे निळा रंग दिलेलं एक पत्र्याचं दार उभं होतं. रेवतीनं आतून कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

गल्ली तिला वाटली होती त्याहून अरुंद निघाली. मधून नाली, दोन्हीकडे पाऊल मावेल एवढी कड. तिची स्कूटी तिथून जाणार नव्हतीच. तिनं पाइपनं पाणी मारलं, चुना टाकला, नालीवर दोन फरशा टाकून घेतल्या. पलीकडच्या घरांच्या मागच्या खिडक्या बंद होत्या. एक उघडली, एका बाईनं पाहिलं, आणि बंद केली.

जेवताना अनुसूयाबाई म्हणाल्या, "फुलियाला मी वरून पाणी घालायची. ओंजळीत. तिची ओंजळ खाली, माझा तांब्या वर. एक थेंब उडला तर सासूबाई मला पुन्हा अंघोळीला पाठवायच्या."

"आता कुणी पाठवणार नाही, आई."

"मला ठाऊक आहे." त्यांनी भातात आमटी कालवली. "मला ठाऊक आहे गं. पण पाय ऐकत नाही. अंघोळ करून मी त्या दारानं देवळात जाऊ?"

"तेच दार रस्त्याला जातं."

"तू शिकलेली आहेस. तू जा."

डेलचं पत्र त्याच सुमाराला आलं. तो नदीतून गेला होता, दोनदा पडला, दोन संध्याकाळी झाडीत बसला. दुसऱ्या संध्याकाळी हरणाची मादी आली आणि त्याचा बाण लागला. त्यानं फोटो पाठवला होता. रेवतीनं तो उघडायच्या आत आई मागून आली, म्हणून तिनं पडदा मिटला. नंतर एकटी असतानाही तिनं तो उघडला नाही. पियुषनं मात्र कळवलं, "बढ़िया काम. यही रूट सबको देंगे."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी शटर बसलं. रमाकांतकाका नारळ फोडायला आले होते. अनुसूयाबाईंनी नव्या दुकानदाराच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, आणि तो वयानं लहान म्हणून त्यांना वाकून नमस्कार करून गेला. केयूरनं रेवतीची स्कूटी स्वतः ढकलत आपल्या फ्लॅटखाली नेऊन लावली. "चावी तुझ्याकडेच, ताई. कधीही ये." ती म्हणाली, "चालत ग्वाल्हेर रोडला येऊन स्कूटीवर बसू?" तो हसला, ती हसली नाही.

त्या संध्याकाळी दुकान बंद होताना शटर खाली आलं. घरंगळत, आपटत. मग बाहेरून दोन कुलपांची खटखट. अनुसूयाबाई दिव्याला तेल घालत होत्या. बोळाकडचं आतलं दार त्यांनी लोटून घेतलं, जणू त्यांनीच ते बंद केलंय.

पहाटे त्या नेहमीसारख्या उठल्या. अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसल्या, तबकात काकडा आणि फुलं घेतली. रेवतीनं मागचं दार उघडून टॉर्च फरशांवर धरला. चुन्याची कड पांढरी दिसत होती. नालीत पाणी हळू वाहत होतं.

"चल आई. हात धर. अगदी थोडं अंतर आहे."

अनुसूयाबाई उंबऱ्यापाशी आल्या. नव्या दाराला मिस्त्रीनं उंबरा केलाच नव्हता, नुसती सिमेंटची पट्टी होती. त्या पट्टीच्या अलीकडे उभ्या राहिल्या. गल्लीच्या वळणावर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडला होता, त्याच्याकडे बघत. लांबून देवळातली घंटा ऐकू आली. त्यांनी एक पाय उचलला, आणि तो परत जागेवर ठेवला.

"मी नाही येत. तू घेऊन जा तबक."

"आई."

"उशीर होईल. जा ना."

रेवती गेली. फरशांवरून, कडेकडेनं, भिंतीला हात न लावता, वळणावरून रस्त्यावर. देवळात बायकांनी विचारलं, "अनुसूयाबाई नाही आल्या? बरं नाही का?" ती म्हणाली, "गुडघे." आरती झाल्यावर गुरुजींनी तिच्या हातावर साखरफुटाणे ठेवले. ती त्याच वाटेनं परत आली.

आई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती, अजून त्याच लुगड्यात. रेवतीनं प्रसाद पुढे केला. अनुसूयाबाईंनी हात पुढे केला आणि मधेच थांबवला. थोडा वेळ तो तसाच राहिला.

"ठेव फळीवर. दुकान उघडलं की मी माझी जाऊन येईन. तोवर देऊळ उघडं असतं."

"आरती संपलेली असेल."

"देव असेल ना."

रेवतीनं फुटाणे वाटीत काढून फळीवर ठेवले. हात धुतले, संगणक लावला. रात्रीतून नव्या विनंत्या आल्या होत्या. एका माणसाला डेलचाच तुकडा हवा होता. त्यानं लिहिलं होतं, माझे वडील बरोबर असतील. त्यांचं वय झालंय, पाण्यात उतरणार नाहीत. कोरड्या पायानं आत जायची काही वाट आहे का?

तिनं नकाशा उघडला. कुरणातल्या त्या दोन चाकोऱ्या अजून दिसत होत्या, गवतात दबलेल्या. तिनं पुन्हा एकदा चारी कडा तपासल्या. मग उत्तर लिहिलं, नाही. आत जायची एकच वाट आहे, ती नदीतून. त्यांना पुलाजवळ गाडीत बसवून तुम्ही जाऊ शकता, पण मग लवकर परत यावं लागेल.

ते पाठवून ती पुढची विनंती उघडणार, तेवढ्यात आई आतून म्हणाली, "रेवा, शटरचा आवाज आला का गं?"

"नाही, आई. अजून वेळ आहे."

"आला की सांग."

"सांगते."